थोडा हात फिरवला

मुनीरभाई तांबोळींना मी दवाखान्यातून काढलं, हे आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. का काढलं, तेही माहीत आहे. त्या गोष्टीचा उरलेला भाग मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही, अगदी बायकोलाही नाही. तो सांगतो. पण आधी मुनीरभाई.

नाकावरच्या मुगाएवढ्या डागाचा फोटो काढायच्या आधी पेशंटचा भांग नीट करायला लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"काका, फोटोत फक्त डागच यायचाय ना?" आयटी कंपनीतल्या एका मुलीनं विचारलं होतं.

"डाग तुमच्याच चेहऱ्यावर आहे ना, ताई? मग नीट बसा. हनुवटी खाली, डोळे वर, काळजी बाहेर."

मंडईजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. निम्म्या पेठांतल्या मुलींचे 'दाखवायचे' फोटो त्यांनीच काढलेले. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे व्रण, मुरमं, नको त्या जागचे तीळ ते नाहीसे करत. आणि विचारलं तर एवढंच म्हणत, "काही नाही, थोडा हात फिरवला." पुढे डिजिटल कॅमेरे आले, मग कॅमेरा फोनमध्येच आला, आणि स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आलं.

त्याच सुमारास मी सिंहगड रोडवरच्या माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात एक नवा कॅमेरा घेतला. कातडीवर जेल लावून भिंग टेकवायचं, की आतला रंग, बारीक रक्तवाहिन्या, सगळं मोठं होऊन कॉम्प्युटरवर दिसतं. चेहऱ्यावरचा संशयास्पद डाग न कापता पाहता येतो. तुकडा काढायचा म्हटलं की माणसं खुर्चीतच अर्धी होतात, त्यांना हा मोठा दिलासा. आयटीतली मुलं तर इंटरनेटवर वाचून निदान करूनच यायची. मी फक्त सही करायची. हा कॅमेरा चालवायला मुनीरभाई आले, ते स्टुडिओतला रंगवलेल्या धबधब्याचा पडदा घेऊनच.

"मुनीरभाई, नखाएवढ्या जागेचा फोटो. त्यात धबधबा कुठे येणार?"

"फोटोत नाही येत, डॉक्टरसाहेब. पण मागे धबधबा आहे, हे पेशंटला माहीत असतं."

पडदा राहिला. त्याच्यापुढे माणसं खरोखरच शांत बसायची.

पानसेबाई धायरीहून यायच्या. शाळेत शिकवायच्या. नाकपुडीशेजारी एक छोटी, चकाकणारी गाठ होती. पहिल्या फोटोवरून माझी खात्री होईना. म्हटलं, काही आठवड्यांनी पुन्हा फोटो घेऊ, वाढली तर तुकडा काढू. दुसऱ्या फोटोत गाठ फिकट दिसली. "उत्तम," मी म्हणालो. तिसऱ्यात आणखी फिकट. "आता काळजी सोडा."

त्या चौथ्यांदा आल्या आणि लाइट गेली. तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आणि लाइट त्याखेरीजही जायची. कॉम्प्युटर बंद पडला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी बाईंना खिडकीशी बसवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. गाठ चांगली वाढली होती. मधोमध खड्डा पडला होता.

मुनीरभाईंना बोलावलं. त्यांनी काहीच लपवलं नाही.

"थोडा हात फिरवला, साहेब. माझ्या मुलीकडून शिकलो कॉम्प्युटरवर. बाई पहिला फोटो बघून रडल्या होत्या. म्हणाल्या, वर्गातली मुलं नाकाकडेच बघतात."

"अहो, मी काय इथे लग्नं जमवतो का?" मी ओरडलो. बाहेर पेशंट बसलेले होते.

"चुकलं, साहेब. बाईंचं नाक वाचेल ना?"

तेवढंच विचारलं. मग पडद्याची गुंडाळी काखेत मारून ते गेले.

नाक वाचलं. गाठ कर्करोगाचीच होती, पण सावकाश वाढणारी, पूर्ण निघाली. आधी काढली असती तर दोन टाक्यांवर भागलं असतं. आता गालाची कातडी ओढून लावावी लागली, आणि व्रण राहिला तो राहिलाच. बाईंना, त्यांच्या घरच्यांना, माझ्या डॉक्टर मित्रांना मी एकच सांगत आलो: फोटोत फेरफार झाला होता. ते खोटं नव्हतं.

उरलेला भाग असा. दर वेळी पानसेबाई माझ्या समोरच बसल्या होत्या, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्यासुद्धा, "डॉक्टर, पण बोटाला मोठी लागते हो." मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो, "तसं वाटतं."

परवा मुनीरभाई आले. नंबर लावून, पेशंटांच्या रांगेत बसून. पिशवीतून एक फ्रेम काढून त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला माहीत होतं. गालावर ठसठशीत काळा तीळ.

"हिच्यावर नाही फिरवला हात?"

"हिला कुणाला दाखवायची होती, साहेब?" ते हसले. मग फ्रेमची काच बाहीनं पुसत राहिले. "तुमच्याकडे काम केल्यापासून डोक्यात बसलंय. ताप आला आणि गेली, एवढंच तेव्हा डॉक्टर म्हणाले. मी आयुष्यभर लोकांचे चेहरे बघितले, आणि हा तीळ रोज माझ्यासमोर होता. साधाच होता ना हा?"

जुन्या फोटोवरून असं काही सांगता येत नाही. तरी मी भिंग घेतलं, फ्रेम खिडकीशी नेली आणि बराच वेळ पाहिलं.

"साधाच होता," मी म्हणालो.

"तुम्ही बघितलंत ना, मग झालं."

त्यांनी फ्रेम रुमालात गुंडाळली. जाताना, जिथे पडदा असायचा त्या मोकळ्या भिंतीकडे एकदा पाहिलं. तेव्हाही मी बोललो नाही. बाई समोर होत्या आणि मी पाहिलं नाही, एवढं मुनीरभाईंना आणि पानसेबाईंना त्यांच्या तोंडावर सांगणं हे माझं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.