पुंडलीकभाऊंचे लोडिंग

सकाळी सात वाजता आमच्या पेडण्याच्या वाड्यावर मिक्सर लावायला बंदी आहे. ती पंचायतीने नव्हे, शेजारच्या पुंडलीकभाऊंनी घातली आहे. त्या वेळी त्यांच्या घरातून पत्र्यावरून मांजर घसरावे तसा किरकिराट येतो. "लोड जाता. पाच मिनटां वगी रवात," असे म्हणत ते खिडकीतून सगळ्यांना गप्प करतात. पाव विकणारा पोदेरसुद्धा तिथे पोचला की सायकलचा भोंपू वाजवत नाही.

लोड होतो तो त्यांचा जुना संगणक. म्हणजे नुसता कीबोर्डच. पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा; किरकिराट त्याचाच. सुर्ल्याच्या खाणीवर कारकून असताना भाऊंनी तो आखातातून परतलेल्या मित्राकडून घेतला. शिकवायला कोणी नव्हते. त्यांची बायको, सुमनवयनी, पुस्तकातल्या ओळी वाचायची आणि भाऊ टाइप करायचे. भाऊ दमले की उलट. एक स्वल्पविराम चुकला की सगळे ठप्प. तेव्हापासून भाऊ स्वल्पविरामाला फार जपतात. मी माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर अभिनंदनाआधी म्हणाले, "हांगासरलो स्वल्पविराम खंय गेलो? ह्या लगीन चलूचा नाय."

लग्न चालले आहे, हे मी त्यांना अधूनमधून कळवतो.

गेल्या वर्षी वयनींना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. त्यानंतर भाऊंनी माळ्यावरचा संगणक खाली काढला. दोन्हींचा संबंध मला काही लागला नाही. परवा वैतागून मी तक्रार करायला गेलो.

भाऊंनी ओठांवर बोट ठेवून मला स्टुलावर बसवले. टीव्हीसमोर वयनी होत्या, कीबोर्ड त्यांच्या मांडीवर. किरकिराट थांबला आणि इंग्रजी अक्षरांत ओळी उमटल्या: एक, चहा. दोन, पेज. तीन, कायच नाका, बस हांगा; म्हणजे काही नको, इथे बस.

"भाऊ, मोबाइलवर असले ॲप मिळते. मी घालून देतो," मी हळूच म्हणालो.

"मोबाइल तिका नवो. ही बटणां तिच्या बोटांक याद आसत."

चहाचे आधण त्यांनी आधीच ठेवले होते. "रोज एकच दाबता," म्हणत ते कप विसळायला उठले.

वयनींचे डावे बोट बटणांवर थोडे घुटमळले. मग त्यांनी तीन दाबले.

भाऊंनी पडद्याकडे पाहिले, मग वयनींकडे. गॅस बंद केला, ओला कप तसाच ठेवला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले.

मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो.