तांबडीच्या पोटात कणीक गेली त्याची बखर

॥ श्री ॥ जी पोटात आग धरिते आणि बाहेर नुसता धूर दाखविते, त्या यंत्रोदरी देवीस दंडवत घालोन ही हकीकत लिहिली जाते. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास, दुपारचा प्रहर. राज्यात सामसूम होती. मोरीचा नळ बंद, शेजारचा मिक्सरही गप्प; युवराज्ञी चार्वी निजल्या ऐसे समजोन सर्व मुलूख पाय न वाजविता चालत होता. तो स्वयंपाकघरात स्टीलच्या वाटीवर टिण् ऐसा बारीक नाद उठला. राणीसाहेब शाल्मलीबाई यांनी कान टवकारिले आणि नादावरूनच ओळखिले जे, हा चमचा नव्हे, ही पिस्टनची रिंग. धावत जाऊन पाहतात तो युवराज्ञी, वय वर्षे साडेतीन, ओट्याखाली बैसल्या आहेत, इंजिनाची कोरी रिंग बांगडी म्हणोन मनगटात घातली, ती निसटोन वाटीत पडली, आणि आता तिजवरी वरणही आहे. राणीसाहेबांनी रिंग पुसोन उजेडास धरिली, टिचकी मारिली, अखंड वाजली, मग युवराज्ञींस उचलोन दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि रागावावयाचे ते राहूनच गेले.

रिंगेचे मूळ ऐसे जे, राज्यात तांबडी नामे मोटारसायकल होती आणि राणीसाहेब लग्नाआधीपासोन तीवर स्वार होऊन घाटचढाईच्या शर्यती मारीत. पाच वर्षांमागे शेवटच्या वळणावरी, वरचे निशाण डोळ्यांस दिसत असता, पिस्टनास भोक पडिले आणि इंजिन जाम जाहले. मग राणीसाहेबांनी उरला घाट तांबडी ढकलत चढविला आणि कडेच्या लोकांनी कौतुके टाळ्या वाजविल्या, त्या टाळ्या राणीसाहेबांस बहुत झोंबल्या. पुढे युवराज्ञींचे आगमन जाहले आणि तांबडी जिन्याखाली उभी राहिली, हँडलावरी दुपटी वाळत, आरशास टोपडी लटकत, आणि सीटेवरी एकदा मांजरही व्याली. तो खबर आली जे, येत्या माघात शर्यत पुन्हा ठरली. राणीसाहेब भर जेवणात बोलल्या जे, "मी उतरणार. आणि ह्या वेळी वरपर्यंत बसून जाणार, ढकलत नाही." तेव्हा मातोश्री कुमुदिनीबाई, राणीसाहेबांच्या सासूबाई, यांनी भाकरी मोडता मोडता म्हटले, "पौषात नवं काही करू नये गं."

"नवं कुठलं आई? जुन्याचीच डागडुजी."

"शहाणी आहेस. पौषात शिलाई मशीन आणलं तेव्हा मीही सासूला हेच सांगितलं होतं." ऐसे म्हणोन मातोश्रींनी आमटी वाढली, आणि परवानगी जाहली ती याप्रमाणे.

मग तांबडीच्या पोटात कोणकोणते सरदार नेमावे याची मसलत जिन्याखाली भरली. राजेश्री मकरंदराव, राणीसाहेबांचे यजमान, कचेरीतोन येताच डबा न ठेविता एक पुडके उघडते जाहले, आणि आत कोऱ्या रिंगांसह पिस्टन निघाला, घडीव धातूचा, चांदीसारखा लखलखीत, आणि माथा सपाट नव्हे, देवळाच्या घुमटासारखा फुगीर. राजेश्री बोलले, "अगं, बघ तरी! ह्या घुमटानं आतली हवा इतकी दाबली जाते की वळणातून गाडी ओढून काढेल." राणीसाहेबांनी पिस्टन हाती घेतला आणि न्हाऊन आणिले बाळ जैसे हुंगतात तैसा हुंगिला. दरबारी त्याचे नाव पिस्टनराव घुमटे पडले. इतक्यात कारखान्याचे दरोगे बाबालाल मिस्त्री येऊन ठेपले. हे तांबडीचे जुने वैद्य, गळा मोठा, आणि आपल्या सल्ल्याची तारीफ आपणच आधी करोन टाकावी हा परिपाठ. त्यांनी खांद्यावरील फडक्यातोन कॅमशाफ्ट काढिला. इंजिनास श्वास घ्यावयास व्हॉल्व्ह नामे दरवाजे असतात, आणि ते किती उघडावे हे कॅमाच्या उंचवट्यावरी ठरते. याचा उंचवटा ऐसा की दरवाजे सताड उघडावे. बाबालाल गरजले, "वैनी, ह्यो टाका. गाडी पळायची न्हाई, उडंल! खाली उतरवायला पुन्हा मलाच बोलवाल." त्यांचे नाव कॅमराव उंचावळे पडले.

राजेश्री म्हणत घुमटे थोर, बाबालाल म्हणत उंचावळे थोर, आणि राणीसाहेब दोघांसही मांडीवरी घेऊन बैसल्या, जैसे सराफकट्ट्यावरी दोन्ही पाटल्या आवडाव्या. मग हुकूम जाहला जे, दोघेही ठेवा. तेव्हा जिन्याखाली आनंदी आनंद जाहला, आणि युवराज्ञी रिकामे पुडके टोपीसारखे घालोन नाचल्या, आणि राजेश्रीही थोडे नाचले. परंतु राणीसाहेबांस रात्री दुपटी घड्या करिता करिता शंका आली जे, घुमटे वर चढतील आणि उंचावळे दरवाजा खाली लोटतील, आणि आत जागा तर वीतभर नाही. दोघे एकाच वेळी एकाच ठायी आले तर? दरवाजा वाकला, घुमट फुटला, आणि पुन्हा घाटात ढकलणे आले.

सकाळी हे बोलताच बाबालालांनी हात झटकिले. "काय बी होत न्हाई वैनी, दोन्ही एक नंबर माल हाय."

"बाबालालभाई, दोन्ही एक नंबर म्हणूनच भीती वाटते."

ऐशी पारख करावयास मऊ माती लागते. ती पिस्टनाच्या माथ्यावरी थापावी, वरोन हेड, म्हणजे इंजिनाचे झाकण, कसावे, इंजिन हाताने हळूच फिरवावे, आणि उघडोन पाहावे जे माती किती उरली. परंतु युवराज्ञींची खेळातली माती वाळोन खडक जाहली होती. तेव्हा राणीसाहेबांची नजर ओट्यावरी गेली, तेथे मातोश्री पोळ्यांची कणीक तिंबीत होत्या. मातोश्रींनी नजर ओळखिली आणि परात पोटाशी धरिली. "माझी कणीक? त्या तेलकट बोडक्यात?" मग राणीसाहेबांनी लाडे लाडे हनुवटीस हात लाविला, आणि युवराज्ञींनीही दुसऱ्या बाजूने लाविला, आणि गोळा मिळाला. जिन्याखाली कणीक थापीत असता मातोश्री न राहवोन मागोमाग आल्या आणि बोलल्या, "आधी तेलाचं बोट फिरव वरच्या अंगाला. पोळपाटाला चिकटते तशी चिकटेल, मग बसशील खरवडत." बाबालालांनी तोंडात बोट घातिले, कारण हे सांगावयाचे ते विसरलेच होते.

मग हेड कसिले आणि राणीसाहेबांनी इंजिन फिरविले, आणि सर्व मुलूख श्वास धरोन उभा राहिला. युवराज्ञी विचारत्या जाहल्या, "आजी, कणीक आत काय करते?" मातोश्री बोलल्या, "हे दोघं एका घरात नांदतील का, ते सांगते ती." प्लगच्या भोकातोन कणकेची शेव बाहेर आली, तीस पाहोन युवराज्ञी खदखदा हसल्या, आणि मग सर्वच हसले. परंतु हेड उघडिले आणि हसू थांबले. घुमटावरी दरवाज्यांच्या दोन चंद्रकोरी उमटल्या होत्या. एकीत कणीक कागदासारखी पातळ, आणि दुसरीत फाटोन खालची चांदी चमकत होती. मातोश्रींनी वाकोन पाहिले. "माझी पोळी आजवर कधी फाटली नाही. ही फाटली. एकाला परत पाठव शाल्मली. घरात दोघांचे आवाज चढे असले की भांडी फुटतात. आपल्याकडे मी एकटीच आहे, म्हणून बरं चाललंय."

बाबालाल म्हणाले, "घुमटाला खळगं पाडू की! दोन मिनिटाचं काम."

"घुमट पातळ केला की पुन्हा भोक. एकदा ढकललीय मी तिला, भाई."

मग राणीसाहेबांनी उंचावळ्यांस हाती घेतले, बोट त्यांच्या उंचवट्यावरोन फिरविले, आणि बहुत जिवावरी येऊन फडक्यात गुंडाळिले. म्हणाल्या, "सरळ सडकेवर तुमच्यासारखा कुणी नाही. पण घाटात वळणामागून वळण, तिथं उडून काय करू? वळणातून उठायला बळ हवं." मध्यम चढाचा एक कॅम आणविला, त्यास कोणी नावही दिले नाही. पुन्हा कणीक थापिली, पुन्हा फिरविले, पुन्हा उघडिले, आणि या खेपेस कणीक अखंड, भाकरीच्या काठाएवढी जाड. मग सर्व कसोन राणीसाहेबांनी किक मारिली, एक, दोन, काही नाही, तिसरीस तांबडी ऐशी गरजली की मांजर भिंतीवरी, राजेश्री जिन्यावरी, आणि मातोश्री कानांवरी हात ठेवोन ओरडल्या, "बंद कर! नको, असू दे! असू दे!"

माघात शर्यत जाहली. तांबडी वळणामागोन वळण उठत गेली, आणि जेथे पूर्वी ढकलिले तेथे राणीसाहेबांनी हेल्मेटाच्या आत मोठ्याने गाणे म्हटले ऐसे कळते. नंबर पाचवा आला. पाचव्यावरी इतके पेढे या राज्यात कोणी वाटिले नाहीत. बाबालाल जो भेटेल त्यास सांगत, "कणकेची आयडिया आमची."

तात्पर्य इतुके जे, थोर सरदार जमविणे सोपे. एकमेकांस जागा देतील ऐसे निवडणे, हीच राजनीती. इति बखर समाप्त होत होती, घाटमाथ्यावरी तांबडी टिक् टिक् करोन निवत होती, राणीसाहेब हेल्मेट काढोन कठड्यावरी बैसल्या होत्या, तो युवराज्ञी मांडीवरी येऊन चढल्या. मनगटात, कडा घासोन दिलेली, जुन्या पिस्टनाची रिंग होती. ती फिरवीत, आईच्या घामेजल्या गळ्यास नाक लावोन, त्यांनी विचारिले, "आई, मला आणायच्या आधी तुम्ही कणीक लावून बघितली होती?"