भोईरचा नववा अल्बम

भोईरच्या लक्षात सालं राहत नसत, अल्बम राहत. "कर्णिकसाहेब, तुमचं लग्न चौथ्या अल्बमच्या साली ना?" असं तो मला चारचौघांत विचारायचा, आणि ताळा करून पाहिला तर बरोबर निघायचं. त्याच्या आळीत नळ आला तो तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या मध्ये. आमच्या कारखान्यातला संप सहाव्यात.

हे अल्बम विलायतेतल्या एका हेवी मेटल बँडचे. पाच गोरे, खांद्यापर्यंत केस, आणि कान फाटेल असा आवाज. कमळाकर भोईर अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात फिटर होता, मी तिथल्याच स्टोअरमध्ये कारकून. तो राहायचा बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. घरची थोडी भातशेती, शिक्षण नववी. उल्हासनगरला पँटचं कापड घ्यायला गेला असताना एका कॅसेटच्या दुकानातून हा आवाज त्याच्या कानावर पडला. कापड राहिलंच. तेव्हापासून तो त्या बँडला 'आपली मंडळी' म्हणायचा.

दुकानदार सिंधी, थट्टेखोर. नवीन कॅसेट लावून एकदा म्हणाला, "साईं, ये गाना है के बॉयलर फटा है?"

भोईर गंभीरपणे म्हणाला, "बॉयलर फटता तो मैं ठीक कर देता. ये अपने हाथ का काम नहीं है."

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की इतिहास सुरू. "पहिल्या अल्बमच्या टायमाला मंडळींकडे काय नव्हतं साहेब. धड स्टुडिओ नाय. पण त्यांची भूक ऐकू येते. दुसरा घाईत केला, फसला. तिसऱ्यात ड्रमवाला बदलला. आधीचा ढोल बडवायचा, हा ढोलाशी बोलतो. आणि तो बास गिटार वाजवणारा आहे ना, तो घरातला कर्ता. दिसत नाय, पण तो थांबला तर छप्पर खाली येईल." हे सगळं त्याने कॅसेटच्या आतल्या बारीक अक्षरातून, डिक्शनरी शेजारी ठेवून, एकेक शब्द लावत वाचलेलं असायचं.

आम्ही हसायचो. एकदा सावंत इलेक्ट्रिशियनने त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. टेपरेकॉर्डर पाठीमागे लपवून त्याने मधलंच कुठलं तरी गाणं क्षणभर वाजवलं आणि बंद केलं.

भोईरने घास तोंडात तसाच ठेवून डोळे मिटले. "पाचवा. दुसरी बाजू, तिसरं गाणं. आणि सावंत, तुझ्या टेपचा पट्टा सैल झालाय. गाणं खालच्या पट्टीत वाजतंय."

सावंतने कॅसेट काढून पाहिली. पाचवा अल्बम, दुसरी बाजू, तिसरं गाणं. संध्याकाळी टेप उघडला, तर पट्टा खरंच सैल. त्यानंतर भोईर बोलू लागला की आम्ही डबे बाजूला सारून ऐकायचो.

मग आठव्या अल्बमनंतर गायक बँड सोडून गेला. नवा आला, आणि त्याच्या आवाजातला नववा अल्बम निघाला. भोईरबरोबर मीही त्या दुकानात गेलो होतो. कॉलेजची चार पोरं काउंटरला टेकून नव्याची टर उडवत होती. "ये नहीं चलेगा बॉस. ओरिजिनल तो ओरिजिनल."

भोईरचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "दूसरे का गाना अपने गले से गा के देखा है कभी? लोग सामने खड़े रह के पुरानेवाले का नाम चिल्लाते हैं. फिर भी वो रोज जाता है, गाता है!"

पोरं काउंटरपासून बाजूला झाली. रस्त्याला लागल्यावर तो हळूच मला म्हणाला, "साहेब, आधीच्याची गाणी याच्या पट्टीत बसत नाय. तरी हा ती गाळत नाय. लोकांची लाडकी गाणी आहेत ना ती."

एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय होतं, ते मला कळलं नाही.

त्याच जूनमध्ये त्याने मला घरी बोलावलं. मुलगी वैशाली दहावी झाली होती. कॉलेजचा फॉर्म इंग्रजीत होता, त्यात चूक नको म्हणून. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे जात होतो. समोरच्या भिंतीवर एका तरुण माणसाचा फोटो होता, त्याला ताज्या मोगऱ्याचा हार.

"भाऊ का?" मी विचारलं.

"प्रकाश गायकर. वैशूचे वडील," भोईर म्हणाला.

त्याची बायको सुनंदा चहा घेऊन आली. वैशाली तीन वर्षांची असताना ती विधवा झाली होती. भोईरने तिच्याशी लग्न केलं त्याला आता बारा वर्षं होत आली होती. "हार हेच आणतात," ती म्हणाली. "मी दोनदा म्हटलं, फोटो आतल्या खोलीत लावू. ऐकत नाहीत."

"पोरीला येता-जाता दिसायला नको?" भोईर म्हणाला.

इतक्यात वैशाली आतून आली. "काका, पेन मिळालं." बारा वर्षं एका घरात राहून काका. नव्या गायकासाठी भोईर का भांडला ते मला तेव्हा समजलं.

मी फॉर्म भरायला घेतला. वडिलांच्या नावाशी माझा हात अडखळला. "लिहा ना साहेब, स्पेलिंग मी देतो," म्हणत भोईरने प्रकाश गायकरचं नाव एकेक अक्षर सांगून लिहून घेतलं. शेवटी पालकाची सही होती. त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "सुनंदा, सही कर गं."

वैशालीने फॉर्म उचलला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. "आई नको. तुम्ही करा."

भोईरने सही केली. तिच्याखाली एक रकाना राहिला होता, विद्यार्थ्याशी नातं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"काका लिहा," भोईर घाईघाईने म्हणाला.

वैशालीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात इंग्रजीत 'फादर' लिहिलं.

"अगं, वर वडिलांचं नाव वेगळं आहे. कॉलेजात विचारतील," माझ्यातला कारकून बोलला.

"विचारू देत. मी सांगेन," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

फॉर्म बॉलपेनने भरलेला होता. तरी भोईर शाई सुकायची वाट बघत असल्यासारखा, कागद दोन्ही हातांवर आडवा धरून, बराच वेळ तसाच बसून राहिला.