हिवाळ्यातला कूलर

जानेवारीची थंडी. अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला कानटोपी, वरून मफलर, पायात मोजे, आणि समोर घरघरत चाललेला कूलर. अशा थाटात खुर्चीत डुलक्या घेणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्याच घरात भाड्यानं राहतोय.

शब्बीरचाचा म्हणजे कळंबच्या आमच्या गल्लीतले गादीवाले. घराण्याचा धंदाच पिंजाऱ्याचा. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, टाके घालून द्यायच्या. आता गुडघे दुखतात म्हणून दुकान भाच्याकडं दिलंय, पण कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी त्या घरातली गादी दाबून बघतात आणि मान हलवतात. मान कशी हलली त्यावर त्या घराची गल्लीत पत ठरते.

खोली बघायला गेलो तेव्हा मी दारातच थबकलो.

"चाचा, थंडी वाजत नाही का?"

"वाजती की. म्हणून तर स्वेटर घातलाय."

"मग कूलर बंद करा ना."

"त्यो हवेसाठी न्हाय, आवाजासाठी हाय. गल्लीत किती कालवा असतोय बगा. ह्याची घरघर लावली की बाकीचं काय बी ऐकू येत न्हाय. हवा फुकटात येती, तिला मी काय करू?"

मी वाकून बघितलं तर कूलरच्या टाकीत पाणी नव्हतंच. कांदे होते. चाचा म्हणाले, वाऱ्यानं कांदे लई टिकतात. एवढं ऐकल्यावर खरं तर मी परत फिरायला हवं होतं. पण दवाखाना जवळ होता, आणि खोलीतल्या पलंगावरच्या गादीवर हात ठेवला तेव्हा हात काढावासा वाटेना.

मी दवाखान्यात नर्स आहे. पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणतात, तेव्हा चाचांनीही मला ब्रदर करून टाकलं. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस "ओ ब्रदर, चहा झाला का?" म्हणून हाक मारतो तेव्हा मला अजूनही कुठं बघावं ते कळत नाही.

माझं दुखणं दुसरंच होतं. मला सलग नाइट ड्यूटी लागलेली. म्हणजे जगानं जागायच्या वेळेला मी झोपायचं. आणि खोलीच्या समोर बालाजीचं लोखंडी दारं-खिडक्या करायचं दुकान. मी ड्यूटीवरून येऊन, आंघोळ करून अंग टाकलं रे टाकलं, की बालाजीचा कटर लोखंडाला लागायचा. तो आवाज कानातून आत येत नाही हो, दातातून येतो! कटर थांबला की हातोडा. हातोडा थांबला की बालाजीचा फोन, आणि बालाजीचा फोनवरचा आवाज कटरपेक्षा मोठा.

"चाचा, त्याला सांगा की जरा. दुपारचं तरी थांब म्हणावं."

"न्हाय ब्रदर. त्या कटरवर त्याची चूल पेटती. त्याला बंद कर कसं म्हणू? आपण आवाजाला आवाज लावायचा. तसल्ली ठेवा, बंदोबस्त करतो."

हे त्यांचं पेटंट वाक्य. गल्लीत नळाला पाणी आलं नाही, कुणाची म्हैस सुटली, कुणाचा जावई रुसला, काही झालं तरी चाचा छातीवर हात ठेवून म्हणतात, "तसल्ली ठेवा, बंदोबस्त करतो." ते ऐकलं की लोक ताबडतोब दुसरीकडं मदत शोधायला लागतात.

माझी मात्र हालत वाईट होत चालली. सलाईन लावताना दोन-दोनदा टोचावं लागायचं. जिना चढताना डोळे मिटायचे. पेशंटची नाडी मोजता मोजता मलाच डुलकी यायची, आणि पेशंट मला हलवून विचारायचा, "ब्रदर, बरं वाटंना का?" असंच चाललं तर एखाद दिवशी कुणाला भलतंच इंजेक्शन टोचून बसेन, अशी भीती वाटायला लागली. शेवटी गावाकडं, बेंबळीला, बायकोला फोन लावला. म्हणालो, "मीरा, मी नोकरी सोडतो. शेती करतो गुमान."

"काय बोलायलाव? किती वर्षं कंत्राटावर काढली, आत्ता कुठं कायमचं झालाव! आन् झोप येईना म्हणजे काय? इथं तर पडल्या पडल्या घोरताव. कुशीवर व्हा, कुशीवर व्हा म्हणत ढकलून माझा हात दुखतोय."

मी घोरत नाही. हे मी तिला लग्न झाल्यापासून सांगतोय.

पण चाचांना मात्र सांगून टाकलं, की महिनाअखेरीला खोली सोडतो. झोप नाही, नोकरी झेपत नाही, गावाकडं जातो. चाचांचा चेहराच उतरला. मला वाटलं, भाडेकरू चालला म्हणून. पण त्यांचं वेगळंच होतं.

"माझ्या गादीवर झोप लागंना?" ते हळू आवाजात म्हणाले. "ब्रदर, त्या गादीवर आडतवाल्यांच्या घरची नवसाची लेकरं झोपवलीत म्या. तुमी असे जागरण करून गावाकडं गेलाव तर कळंबात मला तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

"चाचा, गादी झकास आहे. कटर..."

"तसल्ली ठेवा. बंदोबस्त करतो."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो तर पलंगावर गादीच नाही. वर गच्चीवर जाऊन बघतो तर चाचांनी गादी उसवून कापूस मोकळा केलेला, आणि स्वतः त्या ढिगात मांडी घालून बसलेले. भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस. "कापूस बसला होता जरा. आता बगा, पडल्या पडल्या डोळा लागंल." संध्याकाळी गादी तयार झाली. म्हणजे त्या दिवशी मी फरशीवर सतरंजी टाकून, कटर ऐकत पडलो.

मग कानात कापूस. तोही साधा नाही, चाचांनी निवडून काढलेला, लांब धाग्याचा. त्यानं बाहेरचं थोडं कमी झालं, पण स्वतःचं काळीज असं धडाधडा ऐकू यायला लागलं की मीच माझी नाडी तपासत बसलो. मग रेडिओ. दोन स्टेशनांच्या मधोमध काटा ठेवला की नुसती खरखर येते, ती चाचांनी मोठ्या आवाजात लावली. बरं वाटलं. डोळे मिटत आले आणि काटा आपोआप सरकून माझ्या उशाशी शेळ्यांच्या जंतांवर माहिती सुरू झाली.

मग धाराशिवला दिलेल्या त्यांच्या मुलीनं, फरजानानं, मोबाइलवर धबधब्याचा आवाज पाठवला. तासन् तास नुसता धबधबा. माझ्या आणि चाचांच्या खोलीत भिंत नाही, पत्र्याचं पार्टिशन आहे, त्यामुळं धबधबा दोन्हीकडं कोसळायचा. मला झोप लागायला लागली, पण चाचांना सारखं मोरीकडं पळावं लागे. तेही त्यांनी सोसलं. पण एका दुपारी मी चांगला गाढ झोपलेलो, आणि धबधबा थांबून एक बाई एकदम किंचाळली, "तुमचेही केस गळतायत का?" मी पलंगावर ताडकन उठून बसलो. पार्टिशनच्या पलीकडून चाचा म्हणाले, "या अल्ला! कोण आलं?"

मी बॅग काढली आणि कपडे भरायला लागलो. चिडूनच. चाचा दारात उभे राहिले, बॅगेकडं बघितलं आणि निघून गेले. थोड्या वेळानं समोरच्या दुकानात बालाजीशी काहीतरी मापं घेत उभे दिसले.

त्यांनी स्वतःचा कूलर मला द्यायचं ठरवलं होतं. माझ्या खिडकीत बसेल असा लोखंडी स्टँड बालाजीकडून करून घ्यायचा होता. तो स्टँड करायला बालाजीनं दुपारभर कटर चालवला. त्या दुपारी माझा डोळ्याला डोळा लागला नाही, हे सांगायला नकोच.

कूलर बसला. तोंड गल्लीकडं, पाठ माझ्याकडं. "वारा गल्लीला, आवाज तुमाला," चाचा म्हणाले, आणि बटण दाबलं. टाकीतले कांदे काढले होते, पण सालं राहिली होती. ती सगळी भुर्रकन उडून समोरच्या किराणावाल्या मंदाकाकूंच्या अंगावर.

"चाचा!" काकू केसातली सालं काढत ओरडल्या. "हिवाळ्यात गल्लीला कूलर लावलाव, आता उन्हाळ्यात शेकोटी देताव का?"

मी पुढचं ऐकलं नाही. घरघर, नुसती एकसारखी घरघर. कटर त्यात बुडाला, हातोडा बुडाला, बालाजीचा फोन बुडाला, मीही बुडालो. जागा झालो तेव्हा दिवस कलला होता. घरघर चालूच, अंग हलकं, डोकं स्वच्छ. पलंगावर बसून मी चक्क रडलो. झोप झाली म्हणून रडलेला माणूस मीच असेन! मग बॅगेतले कपडे एकेक करून परत खुंटीला लावले आणि मीराला फोन केला, "जमलं गं. राहतो इथंच." ती म्हणाली, "चाचांना माझा नमस्कार सांगा."

हात सुधारला. सलाईन पहिल्या झटक्यात लागायला लागलं. सगळं छान चाललं होतं, फक्त मन खात होतं ते एका गोष्टीसाठी. म्हाताऱ्या माणसाचा कूलर आपण हडप केला. आता त्याला गल्लीच्या कालव्यात झोप कशी लागत असेल?

विचारलं की चाचा म्हणत, "माझं चाललंय, तसल्ली ठेवा." आणि खरंच चाललेलं दिसत होतं. चेहऱ्यावर तरतरी आलेली. त्यांनी आपली बाज ओढून पार्टिशनला लावली होती. मला वाटलं, माझ्याकडच्या कूलरची घरघर ऐकू यावी म्हणून.

ऊन तापायला लागलं तसं मी ठरवलं, आता पुरे. एके दिवशी ड्यूटीवरून आलो तो सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"चाचा, कूलर परत घ्या. मी दुसरा बघतो. उन्हाळा आलाय, तुम्हाला हवाही लागेल, आवाजही लागेल."

चाचा एकदम गडबडले. "का? तुमी चाललाव व्हय कुठं?"

"कुठं नाही. इथंच आहे. पण तुमचा कूलर..."

"मला नको त्यो आता."

"अहो, मग कालवा? बालाजीचा कटर?"

चाचा बराच वेळ बशीत चहा ओतत राहिले. बशी भरून सांडायला लागली तेव्हा थांबले.

"बालाजीच्या कटरचा मला कधी तरासच झाला न्हाय, ब्रदर. आयुष्यभर पिंजायच्या मशीनीपाशी बसलेला माणूस मी, मला कटर काय करतोय? लोकास्नी सांगायला ते आपलं सोपं होतं." ते पार्टिशनकडं बघत म्हणाले. "खैरून, आमची मंडळी, लई घोरायची. दुपारी जरा पडली की घर दणाणायचं. मी चिडायचो, पलीकडं तोंड कर म्हणायचो. ती गेली आन् घर एकदम सामसूम. गल्लीत कालवा असतोय, पण त्यो भाईरचा. घरातला आवाज न्हाय ना त्यो. सहन होईना. म्हणून कूलर लावला. तेवढंच वाटतंय, घरात काहीतरी हाय."

मी सांडलेला चहा फडक्यानं पुसला.

"मग आता कूलर नसताना?" मी विचारलं.

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग छताकडं. "राग येणार न्हाय ना, ब्रदर?"

"नाही."

"तुमी घोरताव."

"मी?"

"लई. कूलरच्या वर येतोय आवाज. अगदी तिच्यासारखाच. आधी शिट्टी, मग घर्रर्र. तुमी सुरू झालाव की माझा बी डोळा लागतोय. तुमाला त्यो कूलर राहू द्या."

इतकी वर्षं बायकोशी भांडून जपलेलं माझं म्हणणं त्या एका चहाच्या बशीत बुडालं. मी हसलो. चाचाही हसले, डोळे पुसत हसले.

दुसऱ्या दिवशी खोलीत येऊन आडवा झालो, कूलर लावला. झोप येईना. आपण घोरतो हे कळल्यावर घोरायचं कसं? मी सगळं लक्ष नाकाकडं लावून पडलो. बाहेर कटर, आत घरघर, आणि मी टक्क जागा.

जरा वेळानं पार्टिशनवर बोटानं टकटक झालं.

"ब्रदर?"

"काय चाचा?"

"काय न्हाय. आज सामसूम हाय जरा. तबियत बरी हाय ना?"

"बरी आहे, चाचा. झोपतोच आता."

"व्हय, व्हय. तसल्लीनं झोप, बेटा."

बाज करकरली. पलीकडं ते वाट बघत पडले होते. जागेपणी मी कुशीवरच असतो, मीरानं ढकलून ढकलून लावलेली सवय. मी हळूच उताणा झालो आणि डोळे मिटले.