गोमाजींचा पाट

भैय्याजींनी बायकोला न विचारता घेतलेले निर्णय फार नाहीत, आणि जे आहेत ते सगळ्या सानगडी गावाला पाठ आहेत. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं त्याला दहा-बारा वर्षं उलटली असतील, त्या साली दिवाळीच्या तोंडावर त्यांत एकाची भर पडली. जुने कॉम्प्युटर भंगारात द्यायचे नाहीत!

घराच्या उजव्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून, भैय्याजींचा क्लास होता. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सत्यवती कॉम्प्युटर'. (बायकोचं नाव दिलं की बायको क्लासबद्दल तक्रार करणार नाही, हा त्यांचा आधीचा एक निर्णय.) त्या वर्षी क्लासात नवे कॉम्प्युटर आले. काळे, चकचकीत, पातळ पडद्याचे. जुने उचलून भैय्याजींनी घराच्या बैठकीत नेऊन ठेवले. 'तात्पुरते' असं म्हणाले. सरकारी पुलाच्या शेजारी जो तात्पुरता रस्ता असतो, त्यावरून नातवंडं शाळेत जातात. भैय्याजींचं तात्पुरतंही त्याच मापाचं.

जुने कॉम्प्युटर म्हणजे पांढऱ्याचे पिवळे झालेले ठोकळे. पडद्यांना गाठोड्याएवढी पाठ. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे कधीही चालू करा, तारीख दाखवायचे १ जानेवारी १९९८. त्यांच्या दृष्टीने भंडारा जिल्हा अजून अखंड होता. पण भैय्याजींचा त्यांच्यावर जीव. अर्ध्या साकोली तालुक्याने माउस पहिल्यांदा हातात धरला तो याच ठोकळ्यांवर.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते यादोराव. यादोरावचा ऑटो वर्षभर गावोगाव भंगार गोळा करतो आणि दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की त्याच भोंग्यावरून नाटकांची जाहिरात करतो.

"किलोनं घेतो जी," तो बैठकीत डोकावून म्हणाला. "लोखंड अलग, प्लास्टिक अलग."

"किलोनं?" भैय्याजी ताडकन उठले. "हे शिक्षण आहे, यादोराव! शिक्षण किलोनं विकू?"

"शिक्षण असंल तं भाव अखीन कमी भेटंल," यादोराव म्हणाला आणि बिडी पेटवून निघून गेला.

रात्री जेवताना सत्यवतीबाईंनी विषय काढला.

"आइकता का? मंडईले माहा भाऊ येऊन राहिला."

भैय्याजींच्या हातातला घास हातातच राहिला. सत्यवतीबाईंचा धाकटा भाऊ गोमाजी, राहणार कोंढा, अंगाने धानाच्या भरल्या पोत्यासारखा आणि मनाने पापडासारखा. गेल्या मंडईला तो आला, तेव्हा बैठकीत भैय्याजींच्या क्लासची परीक्षा देणारी पोरं बसलेली. म्हणून गोमाजीला ओसरीत, एका जुन्या पोत्यावर बसवलं. गोमाजीने ताटाला नमस्कार केला, न जेवता उठला आणि कोंढ्याला निघून गेला. ते जुनं पोतं पुढे वर्षभर सत्यवतीबाईंच्या बोलण्यात येत राहिलं.

"यंदा भाऊ बैठकीत जेवंल," त्या म्हणाल्या. "मानानं जेवंल. आणि या साली का तो उपाशी गेला, तं त्याच्या मागं मी बी कोंढ्याले जाईन. मंग तुमी आन तुमचे डब्बे राहा बैठकीत."

आता भैय्याजी हलले. दुसऱ्या दिवशी एसटीने थेट भंडारा. जुने कॉम्प्युटर कुठे द्यायचे असतात हे सरकारला माहीत असेल, असं त्यांना वाटलं. (माणूस शिकलेला असला तरी भोळा असू शकतो.) एका कार्यालयात, नाव कशाला घ्या, बाबूने वर न बघता विचारलं,

"शासकीय की खासगी?"

"मी? मी भैय्याजी, सानगडीचा."

"खासगी असाल तं आमचा संबंध नाही. शासकीय असाल तं प्रस्ताव पाठवा."

"अहो, पण टाकायचे कुठे?"

बाबू उठला. त्याने मागच्या खोलीचं दार ढकललं. दार अर्धंच उघडलं, कारण आत छतापर्यंत कॉम्प्युटर रचलेले होते. वर कबुतरांनी संसार थाटलेला.

"हे इथं काहून?"

"प्रस्ताव गेला आहे."

"कधी?"

"जिल्हा फुटला तवा. अर्धे गोंदियाचे का आमचे, हे ठरायचं आहे."

नवं घ्यायला या देशात एक जाहिरात पुरते. जुनं टाकायला मात्र खातं नाही, टेबल नाही, बाबू नाही. कबुतरांनी ठरवून टाकलं, तेवढंच काय ते झालं. भैय्याजी रिकाम्या हाताने परत आले. हात रिकामे, बैठक भरलेली.

मग त्यांना सुचलं, फुकटच वाटून टाकू! गरजू पोरं नेतील, शिक्षणाची इज्जतही राहील. त्यांनी यादोरावला गाठलं आणि नाटकाच्या जाहिरातीत एक वाक्य घालायला सांगितलं. यादोराव प्रामाणिक माणूस. त्याने शब्द ना कमी केला ना जास्त. दोन दिवस आसपासच्या गावांत भोंगा घुमत राहिला, "जुने कॉम्प्युटर मोफत! सत्यवती कॉम्प्युटर, सानगडी! जुने कॉम्प्युटर मोफत!"

चूक भोंग्याची नव्हती. पण लोकांनी यादोरावचा आवाज वर्षभर ऐकलेला. जुना पंखा, जुनी बॅटरी, जुना कूलर. तो ज्या वस्तूला जुनी म्हणतो, ती वस्तू लोक घराबाहेर काढून ठेवतात. भोंग्यावरून कोणी जुनं द्यायला येतं, हे त्या मुलखाने कधी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या आल्या शेजारच्या रंभाबाई. डोक्यावर टोपलं, टोपल्यात कॉम्प्युटरचा डबा.

"घ्या भैय्याजी. पोरगा पुण्याले गेला तवापासून पलंगाखाली पडला आहे."

"अवो काकू, मी घेऊन नाही राहिलो. मी देऊन राहिलो! फुकट!"

रंभाबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"फुकट कोण देते जी? मले येडी समजलं का?"

टोपलं रिकामं करून त्या निघून गेल्या. त्यांच्यामागून सायकली आल्या, एक मोटारसायकल आली, आणि एका शाळेचे गुरुजी रिक्षाभर डबे घेऊन आले. त्यांना भैय्याजींनी शाळेसाठी कॉम्प्युटर देऊ केले, तर ते हात जोडून म्हणाले, "मोठ्या मुश्किलीनं खोली खाली केली जी." भैय्याजी घरात नसले की लोक ओसरीत ठेवून जायचे. मंडईच्या दिवशी सकाळी बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीही दिसत नव्हती.

सत्यवतीबाई दारात उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. भैय्याजींना त्याचीच भीती वाटली.

"रीना," त्यांनी मुलीला हाक मारली, "माही पिशवी भरून ठेव. लागली तं लागंल."

दुपारी पाहुणे आले. गावात मंडई भरलेली, रेवडीवाले ओरडत होते, पाळणे फिरत होते, आणि प्रत्येक घरात जेवणावळ. भैय्याजींनी आणि रीनाने मॉनिटर भिंतींना लावून एकावर एक चढवले, तेव्हा मधे पंगतीपुरती जागा झाली. पण बसायला काय? खुर्च्या सगळ्या नाटकाच्या मांडवात गेलेल्या. घरात पाट दोन, त्यांतला एक कलता. पाहुणे म्हातारे, गुडघे धरलेले, खाली फरशीवर बसले तर उठवायला माणसं लागली असती.

सत्यवतीबाईंनी पदर खोचला. एक सीपीयूचा डबा उचलला, आडवा टाकला, त्यावर जुन्या लुगड्याची घडी घातली आणि स्वतः बसून पाहिलं. उंची नेमकी पाटाची.

"आई, अवो तो सीपीयू आहे!" रीना म्हणाली.

"मंग पाहुण्याईले कायवर बसवू? तुह्या बाबाच्या डोस्क्यावर?"

बघता बघता दोन ओळी मांडून झाल्या. पाहुणे बसले. एक म्हातारे तर मागच्या मॉनिटरला पाठ टेकून म्हणाले, "भैय्याजीनं मंडईसाठी चांगली सोय केली गा." भैय्याजींना पहिल्यांदा वाटलं, आपला निर्णय चुकला नाही. जुने कॉम्प्युटर टाकायचे कुठे, याचं उत्तर भंडाऱ्याच्या बाबूला सापडलं नाही. ते आपल्या घरात सापडलं. त्यांनी आनंदाने वरणाची बादली उचलली.

तेवढ्यात गोमाजी आला. काखेत नव्या धानाच्या पोह्यांची पिशवी, चेहरा अजून फुगलेला. सत्यवतीबाईंनी त्याला हात धरून थेट बैठकीत नेलं आणि पंगतीच्या पहिल्या जागेवर बसवलं. भैय्याजी वाढत वाढत त्याच्यापाशी पोचले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

इतरांच्या खाली पिवळे डबे होते. गोमाजीच्या खाली, नव्या कोऱ्या टॉवेलच्या घडीखालून, काळा चकचकीत कोपरा दिसत होता. मागे एक वायर शेपटीसारखी लोंबत होती.

भैय्याजी मागे सरकले आणि बायकोच्या कानाशी पुटपुटले, "अवो, हा तं नवा आहे! क्लासातला!"

"नवाच आणला," सत्यवतीबाई अभिमानाने म्हणाल्या. "मागच्या साली जुन्यावर बसवलं म्हणून तं उठून गेला. यंदा बी जुन्यावर बसवू?"

"पण कॉम्प्युटर..."

"कॉम्प्युटर तिथंच आहे टेबलावर. टीव्हीसारखा दिसते तो. हा खालचा डब्बा रिकामाच बसून राहतो."

"काय झालं, भाऊजी?" गोमाजीने ताटावरचा हात मागे घेतला. आवाजात पापड मोडायला आलेला. "मी बसलो तं काही तकलीफ? उठू काय?"

सत्यवतीबाईंनी भैय्याजींकडे पाहिलं, मग दाराशी भरून ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"छे छे," भैय्याजी म्हणाले. "बसा जी. आरामात बसा. फक्त... जास्त हलू नका. वरण सांडंल."

गोमाजीने पहिला घास घेतला आणि सत्यवतीबाईंचे डोळे भरून आले. भैय्याजींचेही आले. कारण वेगळं होतं.

आता त्यांचा एकच विचार, पंगत लवकर उठावी. पण मंडईच्या पाहुण्याला आग्रह करावा लागतो, आणि आग्रह यजमानानेच करायचा असतो.

"वाढा ना!" बायको मागून. "माह्या भावाले वाढाले हात आखडते का?"

भैय्याजींनी भात वाढला. गोमाजी वड्यासाठी पुढे झुकला. खालून आवाज आला. कड्.

"काय वाजलं जी?"

"वडा," भैय्याजी म्हणाले. "कुरकुरीत झाले आहेत."

"मंग अखीन दोन द्या."

आपल्याच हाताने, आपल्याच कॉम्प्युटरवर, भैय्याजी वजन चढवत राहिले. भात, वडे, पुन्हा भात. दर वाढणीला खालून काहीतरी बोलायचं आणि भैय्याजी वरून त्याचं काहीतरी कारण सांगायचे. शेवटी गोमाजीने ढेकर दिला, बुड टेकवून इकडे-तिकडे डोलून पाहिलं, आणि खाली जे काही अजून शाबूत होतं तेही गेलं.

"बाई," तो बहिणीला म्हणाला, "या घरात आज मले मान भेटला. पाट बी काय मस्त आहे! बसलो तसा अंगाले लागत गेला. पहिले कडक होता, मंग मऊ झाला."

"तुह्याचसाठी काढला, भाऊ. घेऊन जाय."

भैय्याजींनी तोंड उघडलं. पिशवी अजून दाराशीच होती. त्यांनी तोंड मिटलं. संध्याकाळी मेव्हण्याचं सामान उचलून एसटी स्टँडवर पोचवायलाही तेच गेले. टॉवेलात बांधलेला 'पाट' त्यांच्या खांद्यावर होता आणि चालताना आतून खुळखुळत होता.

परत येताना यादोराव भेटला.

"घेऊन जाय बाबा सगळे," भैय्याजी म्हणाले. "किलोनं ने, कसेही ने. मले काही नको, फुकट ने."

यादोरावने त्यांना नीट न्याहाळलं. "फुकट?" तो म्हणाला. "काहीतरी गडबड दिसते," आणि ऑटो चालू करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडला. पहिल्या टेबलावर पातळ चकचकीत पडदा, खाली पुन्हा जुना पिवळा डबा. बटण दाबलं. १ जानेवारी १९९८. भैय्याजी त्याच्याकडे बघत बसले. त्या तारखेला घरात कॉम्प्युटर नव्हते, बैठक मोकळी होती, आणि मेव्हणाही बराच हलका होता.

फोन वाजला. गोमाजी.

"भाऊजी, पाट घरी सगळ्यायले पसंत आला. पण एक अडचण आहे. पुढच्या हप्त्यात आमच्याकडे पूजा आहे. पूजेले आमी दोघं नवरा-बायको बसतो. एकाच पाटावर कसं जमंल? जोडी पाहिजे."

भैय्याजींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "पाठवतो! जोडी काय घेऊन बसला जी, पूजेले येणाऱ्या सगळ्या गावाले पाट पाठवतो! इथं ढीग लागला आहे!"

"तसे नको," गोमाजी दुखावल्या आवाजात म्हणाला. "जुने कायले देता? काळाच पाहिजे. नाही तं राहू द्या, आमी खालीच बसू."

भैय्याजी काही बोलणार, तोच समोरच्या दुसऱ्या टेबलावरचा नवा पडदा दचकून काळा झाला. त्यांनी वाकून पाहिलं. टेबलाखाली सत्यवतीबाई बसल्या होत्या (भावाचा फोन आधी त्यांनाच आला असणार), एका हातात उपटलेली वायर, दुसऱ्यात नवा टॉवेल.

"रीना," त्या आतून विचारत होत्या, "मामी मामापेक्षा भारी आहे ना वो? याच्यातला सगळ्यात मजबूत कोणता, ते पाहून सांग."