पाच आठवडे गहू बंद

डॉक्टरांची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली, तेव्हा टिंगूच्या आईने ठरवलं की तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. बास, एवढंच ठरवलं. पुढे जे काही झालं त्याला ती एकटीच जबाबदार होती, हे मात्र तिला शेवटपर्यंत पटवून द्यावं लागलं नाही. ते तिला आधीपासूनच वाटत असतं. घरात नळ गळला तरी वाटतं.

टिंगू पाच वर्षांची. वजन तेरा किलो आठशे, हातपाय काड्यांसारखे आणि पोट टम्म फुगलेलं. आठवड्यातले चार दिवस ते पोट बिघडलेलंच. नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून, वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "सीलिअॅक असू शकतं. म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्याला सोसत नसेल. पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा, ते रक्त तपासतील." त्यापुढेही ते काहीतरी बोलले होते. पण 'आतडं' हा शब्द ऐकल्यावर टिंगूच्या आईच्या कानांनी काम थांबवलं होतं.

आता थोडं तिच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. एका औषध कंपनीत छपाईला जाणारी लेबलं ती तपासते. मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम पडलं तर माणसं जायची, म्हणून दिवसभर बारीक अक्षरांवर डोळे रोवून बसते. ऑफिसात तिला सगळे 'भिंग' म्हणतात. अशा बाईच्या हाती तुम्ही एक संशयित पदार्थ आणि पाच मोकळे आठवडे दिले, तर काय होणार?

सोमवारी सकाळी स्वयंपाकघराची झडती झाली. कणीक गेली, ब्रेड गेला, बिस्किटं गेली, नूडल्स गेल्या. सोया सॉसच्या बाटलीवर गहू सापडला तेव्हा ती एवढी ओरडली की नवरा अर्ध्या दाढीनिशी धावत आला. टोस्टर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, गाठ मारून, कपाटावर चढवला गेला. (शेजारीण म्हणाली, "बाँब आहे का गं?" त्यावर कुणी हसलं नाही.) मग ती टिंगूच्या शाळेत गेली आणि खेळायच्या रंगीत मातीचा डबा उलटा करून वाचू लागली.

"मॅडम, मुलं माती खात नाहीत," बाई म्हणाल्या.

"माझी खाते."

"टिंगू? तिला तर डबासुद्धा खायला घालावा लागतो."

"पण त्या मातीत गहू आहे! वाचा इथे!"

बाईंनी वाचलं. त्या दिवसापासून शाळेतल्या सगळ्याच मुलांनी कागदी होड्या केल्या.

घरात विरोधी पक्ष एकच होता, सासूबाई. सकाळची शाळा सुटली की दिवसभर टिंगू त्यांच्याकडे असे. "अजून तपासणी नाही, निकाल नाही, आणि पोरीला शिक्षा चालू?" त्या म्हणाल्या. "भात आणि उकडलेला बटाटा, बटाटा आणि भात. माणसाचं पोर आहे ते."

"आई, हा तिच्या आतड्याचा प्रश्न आहे."

"आतडं काय फक्त तुलाच आहे?"

"एक कण, आई. एक कणसुद्धा चालणार नाही. मला वचन द्या."

सासूबाईंनी वचन दिलं नाही. "बरं बाई," एवढं म्हणाल्या. लेबलं तपासणाऱ्या बाईने हा फरक पकडायला हवा होता.

टिंगू मात्र गुणी विद्यार्थिनी निघाली. गव्हाने आतड्याची आतली लव झिजून सपाट होते, हे आईने तिला पढवलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला तिने केककडे बोट दाखवून सगळ्यांना बजावलं, "यात गहू आहे. तुमची आतडी सपाट होतील." दोन मुलं रडली. एकाची आई अजून बोलत नाही. टिंगूच्या आईने वरवर माफी मागितली आणि आतून छाती फुगवली. त्या रात्री तिने नोंदवहीत लिहिलं : 'दिवस अकरावा. पोट मऊ. चेहऱ्यावर तेज. गहू बंद केल्याचा स्पष्ट फायदा.' रोज अशी एक नोंद होई, लाल शाईने खूण करून.

तारीख शुक्रवारची होती. मंगळवारी ती ऑफिसात असताना तज्ज्ञांच्या दवाखान्यातून नर्सचा फोन आला.

"मुलगी नेहमीसारखं सगळं खाते ना? पोळी, ब्रेड, बिस्किटं वगैरे?"

"छे! पाच आठवडे कण नाही!" तिने इतक्या अभिमानाने सांगितलं की समोरच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर केली.



"अहो ताई," नर्स हळू आवाजात म्हणाली, "गहू पोटात गेला की शरीर त्याच्याशी भांडतं. रक्तात आम्ही त्या भांडणाच्याच खुणा शोधतो. ज्याच्याशी भांडायचं त्यालाच तुम्ही घराबाहेर काढलंत. आता आजार असला तरी रक्तात दिसेलच असं नाही. तपासणी होईपर्यंत खाणं बदलायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. आतड्यानंतरचं वाक्य ते होतं.

"मग आता?"

"सहा-आठ आठवडे रोज गहू खायला घालायचा आणि नवी तारीख घ्यायची."

"नवी तारीख कधीची मिळेल?"

"चार महिन्यांनी. पण शुक्रवारी या तुम्ही. काय ते डॉक्टर ठरवतील."

चार महिने! तेरा किलो आठशेचं पोर आणखी चार महिने असंच झिजणार, तेही आईच्या हुशारीमुळे. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली, वाटेत सगळ्यात मोठा ब्रेड घेतला, आणि घरी पोचून स्टुलावर चढून टोस्टर खाली काढला. तीन दिवसांत काही होणार नाही हे तिला कळत होतं. पण तीन दिवस हातावर हात ठेवून बसणं तिला जमणार नव्हतं.

"टिंगू, बघ काय आणलं! टोस्ट!"

टिंगूने ताटलीकडे पाहिलं, मग आईकडे. "यात गहू आहे."

"हो राणी. आता चालतो."

"काल नव्हता चालत."

"डॉक्टरकाका म्हणाले, खायचा."

"माझं आतडं सपाट होईल." टिंगूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नवऱ्याने मदत म्हणून एक टोस्ट उचलला, डोळे मिटून "आहाहा" केलं, आणि पाच आठवड्यांचा उपाशी माणूस असल्यामुळे ताटलीतले चारही संपवले. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातातल्या नॅपकिनला पीळ घालत.

"अगं, ऐक जरा, मला काय म्हणायचंय..."

"आई, आत्ता नको!"

बुधवारी सकाळी त्या पुन्हा म्हणाल्या, "हे बघ, तू उगाच..." तेव्हाही आत्ता नको. गुरुवारी त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात टिंगूच्या आईने ब्रेडचा चुरा भातात लपवून कालवला होता, टिंगूने तो नुसत्या वासावरून ओळखला होता, आणि दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून रडत होत्या. सासूबाई आल्या पावली परत गेल्या.

शुक्रवारी चौघं दवाखान्यात. टिंगूच्या आईने नोंदवही छातीशी धरली होती. रात्रभर तिने कबुलीजबाब पाठ केला होता, पण डॉक्टरांसमोर तो एका दमात, उलट्या क्रमाने बाहेर पडला. आधी रडली, मग माफी मागितली, मग काय केलं ते सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग आज रक्त घेण्यात फारसा अर्थ नाही. नवीन तारीख..." बोलता बोलता ते टिंगूकडे वळले. "काय गं, पाच आठवडे एकही बिस्किट नाही?"

टिंगूने आजीकडे पाहिलं. आजीने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"आईसमोर नाही," टिंगू म्हणाली.



"म्हणजे कुणासमोर?" डॉक्टरांनी विचारलं.

"द्या मला काय शिक्षा द्यायची ती," सासूबाई एकदम म्हणाल्या. "रोज सकाळी अकराला बेकरीचे दोन टोस्ट, चार वाजता दुधात चार बिस्किटं. एक दिवस चुकला नाही. पोर नुसत्या बटाट्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणायची, मला बघवेना. मंगळवारपासून सांगतेय, सांगतेय..." त्या सुनेकडे वळल्या. "तू बोलू देशील तर ना!"

"गव्हाचीच बिस्किटं?"

"मग काय चांदीची?"

डॉक्टर हसू लागले. "आजी, तुम्ही तपासणी वाचवलीत. एवढं पुरे आहे. आजच रक्त घेऊ." मग त्यांनी हात पुढे करून नोंदवही मागितली आणि दोन-तीन पानं चाळली. "चेहऱ्यावर तेज. स्पष्ट फायदा," त्यांनी मोठ्याने वाचलं. "बिस्किटांचा गुण दिसतोय."

टिंगूच्या आईला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. (फरशी चकचकीत होती, काहीही झालं नाही.) पण सुई टोचताना टिंगूने आजीचाच हात धरला, तेव्हा तिला राग आला नाही. तिने आजीचा दुसरा हात धरला.

दहा दिवसांनी निकाल आला. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट. पुढच्या तपासण्यांनी खात्री झाली, सीलिअॅकच होतं. टिंगूच्या आईला वाटलं होतं, हे ऐकून आपण कोसळू. पण कोसळल्या सासूबाई. "माझ्या हाताने दिलं गं मी तिला. रोज. दुधात बुडवून."

"आई, तुम्ही दिलं नसतं तर हा कागदच आला नसता. चार महिने आपण अंधारात बसलो असतो." हे वाक्य तिने आधी पाठ केलेलं नव्हतं, म्हणूनच बहुधा सरळ निघालं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

आणि मग सासूबाईंनी कारभार हाती घेतला. सुनेच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता, शिक्का मारलेल्या कागदावर मात्र पूर्ण. भांडी बदलली, दोन फडकी वेगळी झाली, तांदळाचं पीठ नव्या डब्यात गेलं. लेबल वाचायला त्या सुनेचं भिंगच वापरू लागल्या, आणि तिला न सापडलेलं जवाचं माल्ट (त्यातही ग्लूटेन असतं) त्यांना सापडलं. सहा महिन्यांत टिंगू सोळा किलोंची झाली, पोट आत गेलं, आणि आजी-नातीने मिळून घराच्या उंबऱ्याआत गव्हाला कायमची बंदी जाहीर केली. मोठ्यांनाही.

त्यामुळे हल्ली ऑफिसातून येताना टिंगूची आई तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात थांबते. दिव्याखाली बसून पर्समधला टोस्ट आवाज न करता खाते, कुर्त्यावरचा चुरा झटकते, रुमालाने ओठ पुसते आणि निष्पाप चेहऱ्याने बेल वाजवते.

कालच टिंगूने दार उघडलं, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत वळून ओरडली, "आजी, आईने आज पुन्हा खाल्लंय! आत घेऊ, की आधी चूळ भरायला लावू?"