वीस डबे श्रीखंड आणि एक घर

माझं ठरलंय! कुलूच्या वर, जिथे डिसेंबरात नळाचं पाणी गोठतं, तिथे मी घर बांधणार. छोटंसं, खिशाला परवडणारं, विजेच्या तारेशी काडीमोड घेतलेलं. छतावर सोलार, भिंतीत भाताचा पेंढा, संडासात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा. हसा, हसा! आकुर्डीतली आमची अख्खी सोसायटी हसून दमली आहे. तुम्हीही हसून घ्या, मग पुढे वाचा.

माझा जन्म लातूरचा, नोकरी चाकणच्या कंपनीत, आणि टेबल रंगाच्या भट्टीशेजारी. चौदा वर्षं मी गाड्यांच्या पार्ट्सबरोबर भाजून निघतोय. कंपनीतला एक हिमाचली मित्र त्याच्या बागेचा तुकडा द्यायला तयार झाला आणि मी त्याच दिवशी नकाशा काढला. अडचण एकच, उत्कर्षा.

उत्कर्षा माझी बायको. कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे घरात मला एकही वाक्य सिद्ध केल्याशिवाय बोलता येत नाही.

"जानेवारीत आकुर्डीत तू चार दिवस आंघोळ टाळतोस," ती म्हणाली. "आणि बर्फात राहणार?"

"घर नीट बांधलं की अंगाच्या उबेवर खोली गरम राहते! माणूस म्हणजे शंभर वॅटचा हीटर असतो!"

"माणूस असेल. तू झिरोचा बल्ब आहेस."

झालं, माझं डोकं फिरलं! पैज लागली. घराची एक खोली नमुन्यादाखल बांधायची, कोल्ड स्टोरेजमध्ये दोन डिग्रीत ठेवायची आणि आत मी एक अख्खी शिफ्ट काढायची. नऊ ते पाच. माझा फोन बंद करून उत्कर्षाकडे. मी दार उघडलं की हरलो, मग हिमाचलचं नाव काढायचं नाही आणि वाकडला तिच्या बहिणीच्या शेजारी फ्लॅट घ्यायचा. दार नाही उघडलं तर ती जमिनीच्या कागदावर सही करणार.

तिच्या बहिणीच्या शेजारी! मी जीव तोडून कामाला लागलो.

मशिनींच्या पॅकिंगच्या फळ्या आणल्या, दुहेरी भिंतीत पेंढा ठासला, ऊन शोषायला छताच्या पत्र्याला काळा रंग मारला. हवेला दोन भोकं ठेवली. खिडकी मोठ्या घरात येणार होती. सगळं उभं केलं लाकडी पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने सहज उचलता येईल. या हुशारीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

चाकणच्या कोल्ड स्टोरेजचे सुपरवायझर ज्योतीरामअण्णा कंपनीतल्या ओळखीने तयार झाले. माणूस इथल्याच मातीतला. खोलीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "बटाटं ठिवलं, सफरचंद ठिवलं, श्रीखंड ठिवलं. पर जित्ता मानूस ठिवायची ही पयलीच येळ हाय."

"अण्णा, मला काही होत नाही!"

"तुमास्नी काय व्हईल त्याची काळजी न्हाई वो. मी वहीत काय म्हून लिवू?"

"'इतर' लिहा!"

मी क्वालिटीचा माणूस. दारावर पिवळा टॅग लावल्याशिवाय मला राहवेना. आमच्या कंपनीत पिवळा टॅग म्हणजे 'तपासणी चालू, हात लावू नये'. त्याला मालकसुद्धा हात लावत नाहीत! टॅग अडकवला, दोन स्वेटर चढवले, कानटोपी घातली, थर्मामीटर घेऊन आत गेलो आणि कडी लावली.

चाळीस मिनिटं झाली असतील, आणि घर हललं.

भूकंप! मला आधी आनंदच झाला. हिमाचल भूकंपाचा पट्टा, तीही चाचणी परस्पर झाली! मग घर वर गेलं, वळलं, धाडकन टेकलं आणि खाली इंजिन सुरू झालं. पाठोपाठ डंपरचा हॉर्न. भूकंपाला हॉर्न नसतो, एवढं फिजिक्स मलाही कळतं.

नंतर कळलं ते असं. अण्णांच्या गोदामात पिवळा टॅग म्हणजे 'आज उचलायचा माल'! फोर्कलिफ्टवाल्या सुरेंद्रला पिवळ्या टॅगच्या सगळ्या वस्तू आळंदीच्या लग्नाला पाठवायच्या होत्या. त्याने मोजून उघड्या टेम्पोत चढवल्या. वीस डबे श्रीखंड आणि एक मी.

मी ओरडलो, भिंतीवर लाथा मारल्या. पण पेंढा इतका छान ठासला होता की आवाजही बाहेर जाईना! समोर कडी होती. एका बोटाचं काम. पण दार उघडलं की वाकड! मी मांडी घालून बसलो. म्हटलं, न्या कुठे न्यायचं तिथे! लातूरला न्या, नाहीतर लंकेला न्या! हा धनेश दार उघडणार नाही!

टेम्पो चाकणच्या चौकात अडकला. मे महिना, सकाळचे साडेदहा, वर काळा पत्रा. घराने ठरल्याप्रमाणे सगळं ऊन शोषलं आणि ठरल्याप्रमाणे धरून ठेवलं. अठरा डिग्री झाली तेव्हा मी खूश होतो. सव्वीसला कानटोपी गेली, तिशीला स्वेटर गेले, पस्तिशीला शर्ट. चाळीसला पँटचं काय झालं ते सांगत नाही, पण माझी जिद्द शाबूत होती.

शेवटी टेम्पो थांबला, घर पुन्हा हललं, ठोकाठोकी झाली, आणि दाराची एक फळी बाहेरून उचकटून निघाली. समोर हातात झारा घेतलेली बाई, मागे मांडव, सनई आणि अडीचशे वऱ्हाडी.

"अगं बाई!" केटरर विमलबाई किंचाळल्या. "श्रीखंडाबरोबर हे काय पाठवलंय?"

घामाने निथळत, पट्टेरी चड्डीवर उभा राहून मी मोठ्याने विचारलं, "दार कुणी उघडलं?"

"मी! का?"

"लक्षात ठेवा हं! मी नाही उघडलं! साक्षीला यावं लागेल!"

कुणीतरी माझ्या अंगावर अंतरपाट टाकला. मंगलाष्टकं व्हायची होती, त्यामुळे भटजी माझ्याकडे फार वाईट नजरेने बघत होते.

उत्कर्षाचा नंबर मला पाठ नव्हता आणि टेम्पो थेट संध्याकाळी परत जाणार होता. त्यात नवऱ्याकडची दुसरी बस चौकातच अडकलेली. गरम मसालेभाताची दोन पातेली घेऊन विमलबाई हताश उभ्या होत्या. "आता हा भात दगड होणार," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ठेवा माझ्या घरात! पातेली आत गेली, मी फळी ठोकली, भोकं बुजवली.

बस आली साडेचारला. तिच्यामागोमाग, अण्णांकडून लग्नाचा पत्ता काढून, स्कूटीवरून उत्कर्षा आली, सकाळपासून मला शोधून उपाशी आणि रडवेली. मला बघितल्यावर तिने आधी मिठी मारली आणि मग दंडावर एक जोरदार चापट. तेवढ्यात विमलबाईंनी फळी काढली. आतून भपकन वाफ आली! चार तासांनी! उत्कर्षाने एक घास खाल्ला आणि तिची जीभ भाजली.

तिने पुन्हा पातेल्याकडे पाहिलं. भिंतीवर हात फिरवला. घाम पुसला.

"घर पास," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू! "पण तुझं काय? दोन डिग्रीत तू चाळीसच मिनिटं होतास. खरं सांग, निभलं असतं तुला पाचपर्यंत?"

"पाचपर्यंत? मी तर डबल शिफ्ट मारली असती!" मी छाती काढून म्हणालो.

तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कागदावर सही झाली. सोसायटीला म्हणावं, हसा आता! डिसेंबरात आम्ही निघतोय.

तुम्ही आपले म्हणून सांगतो, उत्कर्षाला कळू देऊ नका. सुरेंद्रने घर उचललं ना, त्या क्षणी माझे दात कडाकडा वाजत होते आणि हात कडीवर होता. धक्क्याने मी मागे पडलो, म्हणून जिंकलो.